पंप दोनदा बदलला तरी बूस्टमध्ये गाडी लीन होतेय? मग हे वाचा

तिसऱ्यांदा टाकी खाली उतरवली तेव्हा कुठे खरं कारण सापडलं, आणि ते होतं बोटाएवढ्या पाइपचा एक तुकडा जो मीच माझ्या हाताने बसवला होता. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, कारण सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबतो तो, त्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात) लावलेल्या ट्रकला हा लीनचा, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडायचा प्रॉब्लेम फिरून फिरून येतो आणि दरवेळी आपण काय करतो, तर पंप बदलतो. रोग हेल्याला आणि इंजेक्शन पखालीला, तसं.

आधी गाडीची माहिती. पेट्रोल व्ही८ पिकअप, सहा लिटर, साधं पोर्ट इंजेक्शन, वर रूट्स टाइप ब्लोअर (दोन रोटरवाला सुपरचार्जर), बूस्ट ८ पीएसआय, क्रँकला साधारण ५५० एचपी. फ्यूल सिस्टिम मुळात रिटर्नलेस, म्हणजे रेग्युलेटर टाकीतच पंपाच्या मॉड्यूलमध्ये असतो, जास्तीचं पेट्रोल तिथल्या तिथे टाकीत पडतं आणि पुढे इंजिनाकडे एकच लाइन जाते. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीतला दाब, कायम ५८ पीएसआय, बूस्ट असो नसो.

लक्षण काय होतं तर साधं चालवताना काहीच नाही. आयडल मस्त, ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करून घेतो तो टक्का) शून्याच्या आजूबाजूला, हायवेला लोण्यासारखी. फुल रेस दिली की ४५०० आरपीएमपर्यंत एएफआर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, ११.६, एकदम बरोबर, आणि तिथून पुढे हळूहळू १२, मग १२.५, आणि ५८०० ला थेट १३.१. बूस्टमध्ये १३.१ म्हणजे पिस्टनच्या रिंग लँडशी (रिंगांमधल्या पट्ट्यांशी) जुगार. नॉक (पेट्रोल अवेळी भडकल्याची टकटक) ऐकू येईपर्यंत थांबलात तर बहुतेक उशीर झालेला असतो, कारण ब्लोअरच्या शिट्टीत ती टकटक ऐकूच येत नाही. एएफआर १२.५ च्या वर दिसला की पाय काढायचा, पूर्ण पुल (फुल रेसची एक दौड) मारून लॉग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) चांगला यावा म्हणून दाबून धरायचं नाही. आणि हे सगळं डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायचं मशीन) किंवा बंद ट्रॅकवर, रस्त्यावर नको.

आता एक गोष्ट जी बरेच लोक सोडून देतात. इंजेक्टरला रेल प्रेशर किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला फरक कळतो, म्हणजे रेलमधलं प्रेशर वजा मॅनिफोल्डमधलं प्रेशर. रेलला ५८ आणि मॅनिफोल्डमध्ये ८ बूस्ट, म्हणजे इंजेक्टरच्या वाट्याला ५०. फ्लो हा प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबाने बदलतो, त्यामुळे ५८ च्या जागी ५० मिळाले की ७ टक्के पेट्रोल कमी, तेही सगळं ठणठणीत असताना. ट्यून करणारा, म्हणजे ईसीयूतले आकडे बसवणारा, हे धरूनच चालतो. माझ्या लॉगमध्ये वरच्या आरपीएमला रेल प्रेशर ५८ वरून ४७ वर येत होतं, म्हणजे फरक ५० वरून ३९, वर्गमूळ काढलं तर पेट्रोल १२ टक्के कमी, आणि ११.६ ला ०.८८ ने भागलं की येतात तेच १३.१. आकडे इतके चोख जुळले की ट्यूनमध्ये गडबड आहे का ही शंकाच संपली. हा हिशोब दोन मिनिटांचा आहे आणि मी तो पहिल्याच दिवशी केला असता तर निदान ट्यूनमध्ये वरच्या टोकाला पेट्रोल वाढवायचा उद्योग तरी केला नसता. तो मी केला. लॉग चार दिवस छान दिसला. मग एका थंड रात्री प्रेशर कमी पडलं नाही आणि गाडी इतकी रिच (लीनच्या उलट, पेट्रोल जास्त) झाली की मागे काळा धूर.

तर पहिली पायरी, रेलवर इलेक्ट्रिकल प्रेशर सेन्सर लावा, ०-१०० पीएसआयचा, ०.५ ते ४.५ व्होल्टवाला साधा चालतो, आणि त्याचा सिग्नल एएफआर, आरपीएम, बूस्टसोबत एकाच लॉगमध्ये घ्या. रेलवर घट्ट केलेलं काटेवालं गेज बोनेटखाली असतं, ते पुलच्या वेळी बघणार कोण. आणि पेट्रोलची लाइन गेजसाठी केबिनमध्ये आणायची नाही, कितीही छोटी असली तरी.

पहिल्यांदा काय केलं

कंपनीचा पंप काढून २५५ लिटरचा टाकला. सगळे तोच टाकतात म्हणून. महिनाभर चाललं, मग उन्हाळा आला आणि परत तेच. तेव्हा कागद घेऊन बसलो. सुपरचार्ज्ड पेट्रोल इंजिनाला एका एचपीमागे तासाला साधारण ०.२८ किलो पेट्रोल धरतात, साध्या इंजिनापेक्षा जास्त, कारण ब्लोअर फिरवायलाच ताकद जाते आणि मिक्श्चरही रिच ठेवावं लागतं. ५५० गुणिले ०.२८ म्हणजे १५४ किलो, घनता ०.७४५ धरली तर तासाला २०७ लिटर. त्यावर वीसेक टक्के मोकळीक ठेवली की २५० लिटर. आता २५५ चा पंप बघून वाटतं की पुरे झाला की. पण तो २५५ हा आकडा ४० पीएसआयच्या आसपासचा आणि १३.५ व्होल्टचा असतो. प्रेशर वाढलं की फ्लो पडतो, व्होल्टेज कमी झालं की अजून पडतो. पंप घेताना डब्यावरचा आकडा बघू नका, त्याचा चार्ट काढा आणि तुमच्या प्रेशरला, तुमच्या व्होल्टेजला काय देतो ते बघा. माझ्यासाठी तो काठावरचा पंप होता. थंडीत जमलं, गरम पेट्रोल आणि गरम वायर असताना नाही.

इंजेक्टरचा हिशोबही तेव्हाच केला. २०७ लिटर भागिले ८ भागिले ६० म्हणजे एका इंजेक्टरला मिनिटाला ४३० सीसी, आणि ड्युटी, म्हणजे एकूण वेळेपैकी इंजेक्टर किती टक्के उघडा राहतो ते, ८५ टक्क्यांपर्यंतच न्यायची म्हटली तर ५०७ सीसी. हे ५० पीएसआय फरकाला, आणि इंजेक्टरचा आकडा सहसा ४३.५ पीएसआयला, म्हणजे ३ बारला दिलेला असतो, म्हणून तिथे ४७५ सीसी पुरतात. माझे ६३० चे होते, त्यामुळे तो भाग सुटला. तुमच्या लॉगमध्ये ड्युटीचा कॉलम नसेल तर पल्स विड्थ (इंजेक्टर एका वेळी किती उघडा राहतो) मिलिसेकंदात घ्या, आरपीएमने गुणा, १२०० ने भागा. ६००० ला १७ मिलिसेकंद म्हणजे ८५ टक्के. ९५-१०० दिसत असेल आणि रेल प्रेशर मात्र हललेलं नसेल तर इथेच थांबा, पंपाला हात लावू नका, इंजेक्टर छोटे आहेत.

दुसऱ्यांदा

४५० लिटरचा पंप. आता कमी पडायचा प्रश्नच नाही असं वाटलं. बसवल्यावर आयडलला प्रेशर ५८ च्या ऐवजी ६३ दाखवत होतं, ट्रिम उणे ३-४, आणि मी म्हटलं जाऊदे, जास्त आहे कमी तर नाही ना. हे लक्षात ठेवा, पुढे येतंय. एवढ्या पंपाचं आयडलला जवळजवळ सगळं पेट्रोल परत टाकीत जायला हवं आणि मॉड्यूलमधल्या त्या पिटुकल्या रेग्युलेटरच्या भोकातून ते जातच नव्हतं.

तीन आठवड्यांनी परत लीन. यावेळी ५८ वरून ५१. टाकी उतरवली तर मॉड्यूलच्या वरच्या कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी होऊन पिन तिरकी झालेली, हाताला चिकटलं. कंपनीची वायर जुन्या पंपासाठी होती आणि हा पंप लोडवर १५-१६ अँपिअर खेचतो. लोडवर मोजलं तर बॅटरीला १३.९ व्होल्ट आणि पंपाला ११.३. म्हणजे अडीच व्होल्टच्या वर वाटेतच गायब.

मोजायची पद्धत सांगतो कारण लोक इथे चुकतात. बंद गाडीवर किंवा पंप काढून वायरला मीटर लावलं तर पूर्ण व्होल्टेजच दिसणार, करंट वाहत नसेल तर ड्रॉप येणार कुठून. पंप लोडवर चालू पाहिजे. मीटर डीसी व्होल्टला, एक प्रोब बॅटरीच्या प्लसला, दुसरा पंपाच्या प्लस पिनला मागून, जो आकडा येईल तो थेट ड्रॉप. मग तसंच मायनसला. प्लसला अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर वायर, रिले, कनेक्टर यातलं काहीतरी गेलेलं आहे. आणि मायनसची बाजू कोणी बघतच नाही, माझ्याकडे ०.९ व्होल्ट नुसत्या अर्थिंगला जात होते, चेसीवरच्या एका बोल्टखाली रंग होता आणि वर गंज.

वायरचा हिशोबही साधा आहे. दीड स्क्वेअर एमएमची पाच मीटर तांब्याची वायर, १६ अँपिअर, तर एकाच बाजूला ०.९ व्होल्ट जातात. तीच सहा स्क्वेअर एमएमची घेतली तर ०.२३. मी बॅटरीपासून फ्यूज लावून सहाची वायर, टाकीजवळ रिले, आणि जुनी कंपनीची वायर फक्त रिले ट्रिगर करायला ठेवली, म्हणजे अपघातात ईसीयू पंप बंद करतो ती सोय तशीच राहते. ती सोय बायपास करू नका, स्विच लावून पंप डायरेक्ट चालवणारे बघितलेत मी, असं करू नका. मॉड्यूलच्या झाकणातून जायला जास्त अँपिअरचा सीलबंद कनेक्टर घ्या, नाहीतर सगळी जाडी वाया, शेवटच्या दोन इंचात परत जळणार.

ज्यांच्या गाडीत पंपाचा स्पीड एखादं कंट्रोल मॉड्यूल पल्स देऊन बदलतं त्यांनी मात्र अशी सरळ रिलेवाली वायरिंग करायची नाही, तिथे त्या मॉड्यूलची क्षमता आधी बघायची. मोठा पंप लावला की ते तापतं आणि पाच-दहा मिनिटांनी करंट कमी करतं, आणि आपण म्हणतो पंप गेला.

वायरिंग झाली, पंपाला १३.४ व्होल्ट, रेलला ५८ सपाट. दोन महिने मजेत.

तिसऱ्यांदा, आणि इथे डोकं फिरलं

परत ५८ वरून ५०. व्होल्टेज १३.४, जसंच्या तसं. फिल्टर नवा. टाकी अर्धी, म्हणजे पेट्रोल मागे सरकून पंप हवा ओढतोय असंही नाही. मी जवळजवळ तिसरा पंप मागवणार होतो, फक्त हात थांबला कारण मनात आलं की ४५० चा पंप १३.४ व्होल्टला २०७ लिटर देऊ शकत नाही हे शक्यच नाही, मग उरलेलं पेट्रोल जातंय कुठे?

इथे क्लॅम्प मीटर कामाला आला. इलेक्ट्रिक पंपाचा करंट हा त्याच्या तोंडावरच्या प्रेशरबरोबर चढतो-उतरतो, जास्त प्रेशर म्हणजे जास्त जोर म्हणजे जास्त अँपिअर. त्यामुळे रेल प्रेशर पडत असताना अँपिअर काय करतात ते बघा. रेलला प्रेशर कमी पण अँपिअर तेवढेच किंवा वाढलेले, तर पंप बिचारा जोर लावतोय आणि पुढे कुठेतरी अडतंय, फिल्टर चोक, लाइन दबलेली, एखादं फिटिंग बारीक. रेल प्रेशरबरोबर अँपिअरही खाली, तर पंपाच्या तोंडावरच प्रेशर नाहीये, मग तीनच शक्यता, पंपाची ताकद खरंच कमी आहे, पंप हवा किंवा वाफ ओढतोय, नाहीतर पेट्रोल पंपातून निघून टाकीतल्या टाकीतच परत पडतंय. पंप चार्टप्रमाणे पुरेसा आणि व्होल्टेज नीट असेल तर पहिली बाद. काटा थरथरत नसेल, सरळ रेषेत उतरत असेल तर दुसरी बहुतेक बाद. उरली तिसरी.

माझे अँपिअर १५ वरून १३ च्या आसपास उतरत होते, प्रेशरच्या जोडीने.

टाकी उतरवली. मॉड्यूल काढून टेबलावर ठेवलं, पेट्रोल पूर्ण उडू दिलं, आणि पंपाच्या तोंडापासून मॉड्यूलच्या झाकणापर्यंत जो पाइप जातो तो बघितला. वरून काही दिसत नव्हतं. क्लिप सैल केली तर पाइप बोटाखाली लिबलिबीत लागला, चघळलेल्या च्युइंगमसारखा, आणि क्लिपच्या कडेखाली एक नखभर लांब चीर. दाबून धरला की बंद, दोन्ही बाजूंनी वाकवला की ओठ उघडल्यासारखी उघडायची. क्लिप ती स्क्रूवाली, पट्टीला भोकं असलेली, त्या भोकांच्या कडांनी रबरावर शिडीसारखे ठसे उमटवलेले आणि चीर बरोबर एका ठशावरून सुरू झालेली.

एवढ्याशा चिरेने काय होणार असं वाटतं ना? एक सेंटिमीटर लांब आणि पाव मिलिमीटर उघडलेली फट ४ बार प्रेशरला तासाला दोनशेच्या आसपास लिटर पेट्रोल सोडू शकते. म्हणजे माझ्या पंपाची सगळी जास्तीची ताकद तिथून टाकीत परत. आयडलला, क्रूझला काही कळत नाही कारण तिथे रेग्युलेटर नाहीतरी जास्तीचं सोडतच असतो, फट त्याचं काम करते इतकंच. फुल रेसला जेव्हा खरंच पेट्रोल लागतं तेव्हाच तूट दिसते. बाहेर थेंब पडत नाही, वास येत नाही, चालू गाडीत सापडायचा मार्गच नाही.

हा पाइप मी लावला होता, बोनेटखालच्या कामातून उरलेला, इंजेक्शनचाच म्हणून छापलेला, एसएई ३०आर९. तो चांगला पाइप आहे पण आतून पेट्रोल आणि बाहेरून हवा अशा जागेसाठी. टाकीत बुडवला की त्याचं बाहेरचं आवरण पेट्रोल पिऊन फुगतं आणि मऊ पडतं. बुडणाऱ्या जागेसाठी ३०आर१० असा छाप असलेला पाइप लागतो, आणि क्लिप गुळगुळीत आतल्या पट्टीची, सगळीकडून सारखी आवळणारी. दिसायला दोन्ही काळे पाइप सारखेच. तुम्ही किंवा तुमच्या आधी कोणी टाकीतला पंप बदलला असेल तर पाइपवरचे हे आकडे आधी वाचा, हे मी पहिल्या नंबरवर ठेवेन.

आता पहिल्या दोन वेळांना पण हा पाइप कारणीभूत होता का? पहिल्यांदा नाही, तेव्हा कंपनीचाच पाइप होता. दुसऱ्यांदा बहुतेक अर्धं-अर्धं, वायर तर जळलेली होतीच, पण त्या पाइपकडे मी तेव्हा बघितलंच नाही, टाकी खाली असूनही. नवीन वायरिंगने पंपाला जोर आला आणि फटीची तूट दोन महिने झाकली गेली, इतकंच.

टाकीचं काम करणार असाल तर दोन ओळी, कंटाळा आला तरी वाचा. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग दोनदा सेल्फ मारा, लाइनमधलं प्रेशर उतरतं. बॅटरीचा मायनस काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, म्हणून जवळपास ग्राइंडर, हीटर, जमिनीवर ठेवलेला बल्बचा दिवा काही नको, आणि अग्निशामक हाताशी. टाकी जितकी रिकामी तितकी उतरवायला सोपी, पण रिकामी टाकी वाफेने भरलेली असते, ती निर्धोक समजू नका.

मग रिटर्न सिस्टिम केलीच

टाकी खाली होतीच आणि ते आयडलचे ६३ डोक्यात होतेच, म्हणून रेलच्या पुढे बूस्ट रेफरन्स रेग्युलेटर टाकून टाकीपर्यंत रिटर्न लाइन नेली. फीड अर्ध्या इंचाची, रिटर्न तीन अष्टमांश. फायदा असा की एक पीएसआय बूस्ट वाढला की रेल प्रेशर एक पीएसआय वाढतं, ८ बूस्टला ६६, आणि इंजेक्टरच्या वाट्याला कायम ५८. तपासायचं असं, रेग्युलेटरची रेफरन्स नळी काढून ५८ ला सेट करा, नळी लावली की आयडलच्या व्हॅक्युमने ते ४९-५० च्या आसपास उतरलं पाहिजे आणि फुल बूस्टला ६६. पण लक्षात घ्या, आता पंपाला ५८ नाही, ६६ ला फ्लो द्यायचाय, अँपिअर वाढणार, चार्ट परत बघा.

यात तीन ठिकाणी लोक अडकतात. एक, रेफरन्स नळी कुठून घेतली. या ब्लोअरमध्ये थ्रॉटल आधी आणि रोटर नंतर असतात, थ्रॉटल आणि रोटरच्या मधल्या पोर्टवरून नळी घेतली तर तिथे बूस्ट कधीच येत नाही आणि रेल प्रेशर पुलमध्ये ५८ लाच चिकटून राहतं. नळी रोटरच्या खालून, मॅनिफोल्डमधून हवी, आणि तिला दुसरं काही जोडू नका, आणि दोन्ही टोकांना क्लिप लावा कारण बूस्टमध्ये नुसती खोचलेली नळी उडते. दोन, ट्यून. ईसीयूच्या इंजेक्टर फ्लो टेबलमध्ये मॅनिफोल्ड प्रेशरप्रमाणे बदलणारे आकडे असतात, कारण कंपनीला माहीत असतं की रेल प्रेशर स्थिर आहे. आता फरक स्थिर झाला, म्हणून ते टेबल सगळीकडे एकच आकडा करावं लागतं, नाहीतर आयडलला एक आणि बूस्टला भलतंच. तीन, रिटर्नचं तोंड पंपाच्या बादलीतच (पंपाभोवतीचं छोटं भांडं) सोडा. बऱ्याच मॉड्यूलमध्ये रेग्युलेटरच्या जास्तीच्या पेट्रोलवरच एक छोटा जेट चालतो जो टाकीतलं पेट्रोल बादलीत ओढतो. रिटर्न बाहेर कुठेतरी टाकीत सोडली तर टाकी पाव भरलेली असताना, जोरात रेस दिली की बादली रिकामी होते, प्रेशरचा काटा नाचतो, आणि मग नवीन समस्या सुरू. पेट्रोल पाव टाकीच्या खाली असतानाच त्रास होत असेल तर दुसरं काही बघू नका, हेच बघा.

मोठा पंप सतत फिरवला की रेलवरून गरम होऊन आलेलं पेट्रोल टाकी तापवतं हाही भाग आहे, लांबच्या प्रवासात टाकी कमी भरलेली असेल तर जास्त. माझ्या वापरात अजून त्रास नाही. ज्यांना आहे ते पंपाचा स्पीड लोडप्रमाणे कमी-जास्त करणारा कंट्रोलर लावतात.

प्रेशर सपाट आहे तरी लीन दिसतंय, तर?

मग पेट्रोलचा दोष नसायचीही शक्यता आहे. एअर-फ्यूल सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. प्लग मिसिंग मारत असेल तर न जळलेली हवा तशीच बाहेर येते आणि सेन्सर म्हणतो लीन. बूस्टमध्ये ठिणगी विझते, म्हणून प्लगचा गॅप ०.७ ते ०.७५ मिलिमीटरपर्यंत कमी करतात, ०.९-१.० चा जुनाच ठेवला असेल तर आधी तो बघा, तासाभराचं काम आहे. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तर तेच, पण ते सहसा कमी लोडला जास्त दिसतं. एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) त्याच्या टोकाला जाऊन अडकलाय का ते लॉगमध्ये बघा, आरपीएम वाढतोय आणि हवेचा आकडा सपाट झालाय तर ईसीयूला खरी हवा कळतच नाहीये. आणि नवीन इंजेक्टर टाकल्यापासून आयडलला त्रास, वर ठीक असं असेल तर व्होल्टेजप्रमाणे इंजेक्टर उघडायला लागणाऱ्या वेळेचा डेटा चुकीचा भरलाय, अंदाजाने भरू नका, ज्या इंजेक्टरचा असा डेटा मिळत नाही तो घेऊच नका.

एकाच बँकेला (व्ही८ च्या एका बाजूच्या चार सिलिंडरना) लीन दिसत असेल तर त्या बाजूचे इंजेक्टर काढून फ्लो टेस्टला द्या. पंप दोन्ही बँकांना एकच आहे.

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांचं गणित थोडं वेगळं, तिथे टाकीतल्या पंपानंतर कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप असतो, आणि लॉगमध्ये हाय प्रेशर पडलेलं दिसलं की लोक तो महागडा पंप बदलतात. आधी लो साइडला सेन्सर लावून बघा. त्याला खालूनच पेट्रोल कमी मिळत असेल तर तो वर काय देणार. आणि कोणी ई८५ (बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन) वर जायचा विचार करत असेल तर वरचे सगळे आकडे परत काढा, तेवढ्याच हवेला जवळजवळ ४० टक्के जास्त लिटर लागतात, माझा हाच पंप तिथे काठावर येईल, आणि साधे रबरी पाइप तर अजिबात नको, पीटीएफईचेच (टेफ्लॉन).

सध्याची स्थिती, ८ बूस्टला ६६, वरखाली एक पीएसआय, एएफआर ६००० पर्यंत ११.५-११.६, पंपाला १३.३ व्होल्ट. चार महिने झाले. एक बारीक कुरकुर शिल्लक आहे, गरम इंजिन बंद करून वीस मिनिटांनी सुरू केलं तर सेल्फ जरा जास्त मारावा लागतो. चावी दोनदा ऑन-ऑफ करून पंपाला प्राइम होऊ दिलं की लगेच सुरू होते, म्हणजे बंद झाल्यावर लाइनमधलं प्रेशर उतरतंय. इंजेक्टर गळत असते तर सुरू होताना धूर आणि वास आला असता, तो नाही, मग राहिलं पंपातलं चेक व्हॉल्व (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) किंवा रेग्युलेटरची सीट. पुढच्या आठवड्यात फीडमध्ये एक शटऑफ व्हॉल्व टाकून, गाडी बंद केल्याबरोबर तो बंद करून बघणार आहे. प्रेशर टिकलं तर पंपाचा चेक व्हॉल्व, तरीही उतरलं तर रेग्युलेटर.